औटकीची सायकल

धर्माला दर्या लागत असे. कोळ्याच्या घरात, त्यातही थेरोंड्याच्या काळूराम तांडेलाच्या घरात जन्मून ज्याला होडीत पाय ठेवताच पोटातलं ओठावर येतं, त्यानं पुढं काय करावं याचा विचार देवानं केलेला नव्हता. काळूरामानंही केलेला नव्हता. तो स्वतः चाळीस वर्षं होडी हाकत होता आणि त्याच्या मते ओकारी हा आळसाचाच एक प्रकार होता. त्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत धर्मा नेमानं होडीवर जात राहिला आणि नेमानं ओकत राहिला. लिंबू चोखून झालं, अंगारे लावून झाले, डोलकाठीला बांधून घालूनही झालं. डोलकाठीला बांधल्यावर तो डोलकाठीवर ओकला.

गेल्या फाल्गुनात मात्र गंमत संपली. ओकून ओकून अंगातलं त्राण गेलेलं, त्यात जाळं ओढायची वेळ आली आणि धर्मा जाळ्याबरोबर पाण्यात गेला. भावकीतल्या एकानं केसाला धरून त्याला वर काढलं. तो फळीवर पालथा पडून खारं पाणी ओकत असताना बापानं विचारलं, "जालं धरून ठेवलंस का सोडलंस?" जाळं त्यानं सोडलं होतं. हे काळूराम पुढं चार महिने भेटेल त्याला सांगत होता.

तेव्हापासून धर्मा दर्याला नुसता वैतागत नव्हता, भीत होता. नारळी पुनवेच्या गोष्टी निघाल्या, होड्यांना तेलपाणी सुरू झालं, की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. पुढच्या खेपेला केस हाताला लागतीलच याची काय खात्री, असं त्याच्या मनात यायचं. हे फक्त त्याच्या बायकोला, सत्यवतीला ठाऊक होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग होईल असा माणूस गावात तिला दिसला नव्हता.

सत्यवती मासळी विकत असे. थेरोंड्यात पुरुष मासा धरत आणि बायका तो विकत. मासा धरायला छाती लागते आणि विकायला नुसतं तोंड लागतं, असं पुरुषांचं ठाम मत होतं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन नऊ मैल चालत अलिबागला गेल्या, की मग हे मत मांडलं जाई. त्यामुळे त्याला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

तर अशा या गावात, सन एकोणीसशे चौतीसच्या आषाढात, सायकल आली. सत्यवतीचा भाऊ विठोबा मुंबईला गोदीत कामाला होता. त्यानं कुठल्याशा साहेबानं टाकून दिलेली सायकल मिळवली आणि ती रेवदंड्याला पोचती केली. सोबत चिठ्ठी होती. चौलचे बाबाजी मास्तर पेन्शनीत निघाल्यापासून थेरोंड्याची सगळी पत्रं वाचत, ती आपली असोत की नसोत. त्यांनी ही चिठ्ठीही मोठ्यानं वाचली. "ताईच्या डोक्यावरचा भार कमी व्हावा म्हणून सायकल पाठवीत आहे."

ही ओळ ऐकून जमलेल्या सर्व पुरुषांचं एकमत झालं, की सायकल धर्माची.

धर्माला मात्र त्या सायकलीत जमीन दिसली. पायाखाली न हलणारी, खाली बुडायची सोय नसलेली, मैलोगणती जमीन. त्यानं धीर करून बापासमोर तोंड उघडलं. मी होडीवर येत नाही, मासळी सायकलवरून अलिबागला नेतो.

काळूरामानं सुपारी दुसऱ्या गालात सारली. मग तो म्हणाला, "पुनवेनंतर दोन बाजार देतो. बायका अलिबागेला पोचायच्या आत मासली इकून मोकला झालास, तर खुशाल जमिनीवर ऱ्हा. न्हाय जमलं तर गुमान होडीत चढायचं, अन परत तोंड उघडायचं न्हाय. ओकायला बी न्हाय."

मास्तर साक्षीला होते. करार झाला.

एकच अडचण होती. सायकलीचं मागचं दातेरी चाक, म्हणजे साखळी ज्याच्यावरून फिरते ते, झिजून पार बोळकं झालं होतं. नवीन बसवणं भाग होतं आणि किती दातांचं बसवायचं हे ठरवणंही भाग होतं. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा कोळीवाड्यातले पुरुष जाळी विणत बसतात. पण जाळी हातानं विणतात, तोंड मोकळंच असतं. गावात आजवर कुणी सायकलवर बसलेला नव्हता, त्यामुळे मत नाही असा एकही माणूस सापडेना.

"पुढं किती दात हायत?" काळूरामानं विचारलं.

"अठ्ठेचाळीस," मास्तर म्हणाले. त्यांनी ते तीनदा मोजले होते.

"मंग मागं बी अठ्ठेचालीस लावा. कमी कशाला?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. शाळेत तीस वर्षं त्यांनी असेच डोळे मिटले होते. मग त्यांनी समजावून दिलं, की मागं दात जितके कमी, तितकं चाक जास्त फिरतं आणि तितका वेग वाढतो.

"दात कमी तितकी पल जास्त?"

"बरोबर."

"मंग दात पायजेतच कशाला?"

त्यावर मास्तरांनी पाटी मागवली. पाटी हातात आली की मास्तरांना रूप चढायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे सगळे पाढे त्यांना येत, पण त्यांचा खरा जीव औटकीवर. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा चौलच्या शाळेत त्यांच्याइतका सुरेल कुणी म्हटला नव्हता आणि त्यांच्याइतक्या छड्या त्यापायी कुणी मारल्या नव्हत्या.

"सायकल औटकीची हवी," मास्तरांनी निकाल दिला. "पाय एकदा फिरला की चाक साडेतीनदा फिरलं पाहिजे. मागं चौदा दात लावा. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा! पाहा, पाढ्यातसुद्धा चौदा आले."

हे ऐकून सर्वांच्या अंगावर काटा आला. धर्माच्याही आला.

मग पाटीवर हिशेब झाला. अठ्ठावीस इंचांचं चाक, बावीस सप्तमांशानं परीघ अठ्ठ्याऐंशी इंच, औटकीनं एका फेऱ्यात तीनशे आठ इंच. अलिबाग नऊ मैल. म्हणजे अठराशे एक्कावन्न फेरे. सेकंदाला एक याप्रमाणे पाय फिरवला, की एकतीस मिनिटांत अलिबाग. मास्तरांनी खाली दोन रेघा ओढल्या. त्यांना एकच शल्य होतं. चौदा औट एकोणपन्नास होतात आणि पुढं दात अठ्ठेचाळीस. विलायतेतल्या कारखान्यानं एक दात कमी केला तो का, या विचारात ते दोन दिवस जेवले नाहीत असं त्यांची बायको सांगे. मास्तर स्वतः आयुष्यात कधी सायकलवर बसलेले नव्हते. धोतर साखळीत जातं म्हणून.

चाक घ्यायला धर्मा अलिबागला गेला, तो सत्यवतीच्या मागून चालत. तिच्या डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली होती आणि त्याच्या डोक्यात औटकी. याआधी तो अलिबागला चारदा गेला होता, चारही वेळा होडीनं आणि चारही वेळा डोळे मिटून. या वेळी डोळे उघडे होते, पण पाढा पाठ करण्याच्या नादात रस्ता बघायचा तेवढा राहिला.

अलिबागला कासमभाईंचं सायकलीचं दुकान होतं. हात कोपरापर्यंत काळे, दाढी मेंदीनं लाल, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहण्याची वाईट सवय. धर्मानं चौदा दातांचं चाक मागितलं.

"देतो," कासमभाई म्हणाले. "वजन किती नेनार?"

धर्मानं अंदाजानं हात पसरले.

"रस्त्यात पुलन किती? चढ कुठं हाय? वारा समोरून का पाठीवरून?"

धर्मानं बायकोकडं पाहिलं. त्याला पाहायचं नव्हतं, पण मान आपोआप वळली.

सत्यवतीनं टोपली उतरवून ठेवली. "दोन टोपल्या म्हंजी मनभर वजन. चौलापावतर रस्ता बरा हाय. नागावात पुलन, वालूत पाय घोट्यापावतर जातो. तिथनं पुढं खाडीकडं चढ, तिथं आमी बी एकदा टेकतो. वारा सकालचा जमिनीवरून येतो, तरास न्हाय. ऊन चढलं का समोरून."

कासमभाईंनी आत जाऊन एक मोठं दातेरी चाक आणलं. "चोवीस दात. पाववाल्याच्या सायकलीचं हाय. त्याचा पाव उतरेपर्यंत गरम असायचा. हे घ्या. बाईंचं ऐका."

धर्माचा हात पुढं झाला, हे खोटं नाही. पण अठ्ठेचाळिसाला चोवीस म्हणजे दुपटी. बे एके बे. बालवर्गातली पोरं म्हणतात ती. बायकोनं सांगितलं म्हणून दुपटी घेऊन आला, हे बापाच्या तोंडून भर होडीवर ऐकायची त्याची तयारी नव्हती. माणूस जिवाला भितो त्याहून थोडा जास्त हसण्याला भितो, आणि धर्मा तर दोन्हींत तयार झालेला होता.

"मास्तरांनी पाटीवर काढलंय," तो म्हणाला. "चौदाच पायजेत."

"मग सायकल पाटीवरच चालवा," असं म्हणून कासमभाईंनी चौदा दातांचं चाक बांधून दिलं.

परतीच्या वाटेवर सत्यवती नऊ मैल त्याच्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

पुढचे पंधरा दिवस मात्र धर्माच्या आयुष्यातले सोन्याचे गेले. ओहोटीला थेरोंड्याची ओली पुळण फरशीसारखी कडक होते. तिच्यावर तो सायकल शिकला. आधी पडला, मग कमी पडला, मग सुटलाच. पाय एकदा दाबला की सतरा हात अंतर! मोकळी सायकल, सपाट वाळू, पाठीवर वारा. अख्खा कोळीवाडा बघायला उभा राहायचा. काळूराम तांडेल, ज्यानं पोराकडं पंधरा वर्षांत कौतुकानं पाहिलं नव्हतं, तोही एकदा म्हणाला, "शिडात वारा भरलाय भाड्याच्या." धर्माला ते ऐकून रडू यायचंच बाकी राहिलं. मास्तर घड्याळ घेऊन उभे असत आणि दर फेरीला मान डोलवत. सायकलवर टोपली बांधून बघावी, असं सत्यवती एकदा म्हणाली. वरातीच्या तालमीत कुणी घोड्यावर नवरदेव बसवतं का, असं काहीसं उत्तर तिला मिळालं आणि सगळे हसले.

नारळी पुनव झाली. दर्याला नारळ गेला, होड्या गेल्या, तिसऱ्या पहाटे भरून आल्या. पापलेटं, कोळंबी, बोंबील. बाजाराचा पहिला दिवस.

दहा बायका सत्यवतीबरोबर झुंजुमुंजूलाच निघाल्या. धर्मा निघाला नाही. एकतीस मिनिटांच्या कामाला इतक्या लवकर कशाला, असा मास्तरांचा सल्ला होता. बायकांना तासभर पुढं जाऊ दे, म्हणजे वाटेत गाठून मागं टाकताना दिसशील. त्याप्रमाणे तासाभरानं धर्मा सायकलवर बसला. मागं दोन टोपल्या, वर ओलं गोणपाट. पायडलावर सगळा भार टाकला, तरी सायकल हलेना. तेव्हा दोघांनी मागून ढकलून दिली. मास्तरांनी घड्याळात पाहून वेळ टिपून घेतली.

चौलच्या वाड्यांतून तो गेला, नाही असं नाही. पण नागावची पुळण लागली आणि साखळी अशी ताठरली, की जणू कुणी चाकाला मिठी मारली. धर्मा पायडलावर उभा राहिला. तो पायडलावर उभा आणि सायकल वाळूत उभी, अशी दोघं क्षणभर राहिली. मग दोघं आडवी झाली. उठून टोपल्या नीट केल्या, पुन्हा बसला, पुन्हा पडला. शेवटी ढकलू लागला. चढावर ढकललं, चढापलीकडं पुन्हा पडायला नको म्हणून ढकललं. ऊन चढलं, वारा समोरून आला. मास्तरांच्या हिशेबातले अठराशे एक्कावन्न फेरे जसेच्या तसे शिल्लक राहिले होते.

अलिबागच्या वेशीवर त्याला अकरा बायका परत येताना भेटल्या, रिकाम्या टोपल्या काखेत मारून. सगळ्यांत म्हाताऱ्या भागुबाईनं थांबून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ही सायकल तुला आनते का तू सायकलीला?" ती म्हणाली. सत्यवती हसली नाही. ती टोपल्यांवरचं गोणपाट उचलून पाहू लागली. पापलेटांचे डोळे बसले होते. ती मासळी खतालाच गेली.

संध्याकाळी मास्तरांनी हिशेब पुन्हा तपासला. "गणितात चूक नाही," ते म्हणाले. "रस्ता चुकीचा आहे."

काळूरामानं फक्त होडीतली धर्माची बसायची फळी पुसून ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी धर्मा सायकल घेऊन कासमभाईंकडं गेला. कासमभाईंनी एक शब्द न बोलता चोवीस दातांचं चाक चढवलं आणि साखळीला सहा कड्या वाढवल्या. चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, असं धर्माला वाटलं.

गावात मात्र बोलणाऱ्यांना तोटा नव्हता. नवं चाक पाहून कुणी त्याला बायकी दात म्हणालं, कुणी चरखा म्हणालं. दुपटीवर पाय भिंगरीसारखे फिरतात आणि सायकल बैलगाडीच्या चालीनं जाते. ते पाहून पोरं जमिनीवर लोळायची. "तीन हजार दोनशे चाळीस फेरे!" मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले. "माणसानं इतके पाय हलवायचे तर चालतच का जाऊ नये?" धर्मानं ऐकून घेतलं. आता त्याला हसण्याची भीती उरली नव्हती. दुसरी मोठी भीती दोन दिवसांवर आली होती.

दुसऱ्या बाजारी तो बायकांबरोबरच निघाला. पाय गरगर फिरत होते आणि सायकल आपली सावकाश, पण निघाली होती. चौल मागं पडलं. नागावची पुळण आली. धर्मानं दात खाल्ले. चाक रुतलं, कुरकुरलं आणि फिरलं. पुन्हा फिरलं. सायकल वाळूतून चालली, म्हातारी देवळाला जाते तशी, पण न थांबता. चढावर त्याच्या मांड्या पेटल्या, छातीचा भाता झाला, तरी पाय टेकला नाही. माथ्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. बायका लांबवर ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. धर्मा एकटाच मोठमोठ्यानं हसला. आता आयुष्यभर जमीन, असं त्याला वाटलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

बायकांच्या आधी सव्वा तास तो अलिबागच्या बाजारात पोचला. गोणपाट काढलं. पापलेटं चांदीसारखी, कोळंबी अजून मिशा हलवतेय. धर्मा टोपल्यांमागं बसला आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पुढं काय करायचं असतं हे त्याला माहीत नाही.

महिनाभर अख्ख्या गावानं दात मोजले होते. मासळी विकणार कोण, हे एकालाही सुचलं नव्हतं. विकायला नुसतं तोंड लागतं ना? तोंड धर्माला होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक पेन्शनर कारकून, छत्री आणि पिशवी घेऊन. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "बाई कुठं आहे?"

"बाई न्हाय. मीच हाय."

"तू?" पेन्शनरांनी छत्रीच्या टोकानं पापलेट उलटं केलं. "काय भाव?"

धर्मानं भाव सांगितला. जो होता तोच सांगितला.

पेन्शनरांनी सवयीनं निम्म्यात मागितलं आणि शिव्यांची वाट पाहत उभे राहिले. वीस वर्षं ते असेच उभे राहत आले होते. निम्म्यात मागायचं, कोळणीनं बापजादे काढायचे, आपण दोन पावलं निघून जायचं, तिनं हाक मारायची, आपण परत यायचं. निम्मी चव त्यातच असे. धर्मा म्हणाला, "बरं, घ्या."

पेन्शनर दचकून मागं सरले. "इतक्यात उतरलास? शिळा दिसतो मासा!" असं म्हणत ते गेले आणि जाताना आणखी चौघांना सांगून गेले. मग जो येई तो आधी वास घेई. धर्मानं भाव आणखी उतरवला, तशी गिऱ्हाइकं आणखी लांब उभी राहिली. पुरुष मासळी विकायला बसलाय, तीही इतकी स्वस्त, म्हणजे चोरीची असणार, असंही एकानं सांगितलं. एका बाईनं तर हळूच विचारलं, "घरची वारली का रे?" धर्मानं घसा साफ करून ओरडून पाहिलं. आवाज असा निघाला, की शेजारचा भाजीवाला त्याला पाणी देऊ लागला.

सव्वा तासानं बायका आल्या, तेव्हा टोपल्यांतलं एक पापलेटही कमी झालेलं नव्हतं.

सत्यवतीनं क्षणभर नवऱ्याकडं पाहिलं. मग तिनं पदर खोचला, त्याला बाजूला सारलं आणि भाव दुप्पट केला. "ओ छत्रीवाले! निम्म्यात मागता? निम्म्यात तुमची छत्री द्या आदी! ह्यो मासा अजून दर्यात हाय असं समजतोय, अन तुमी वास कसला घेता?" पेन्शनरांचा चेहरा उजळला. ते दोन पावलं निघून गेले, परत आले आणि चार पापलेटं घेऊन गेले. अर्ध्या तासात दोन्ही टोपल्या खाली झाल्या.

धर्मा सायकलला टेकून उभा होता. बायका पोचायच्या आत विकून मोकळं व्हायचं, असा करार होता. तो हरला होता.

परत येताना सायकलवर रिकाम्या टोपल्यांची चळत होती आणि तो ती ढकलत पुढं चालला होता. मागून अकरा बायका चालत होत्या, नेहमीसारख्या भांडत नव्हत्या, हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. धर्मानं कान दिले नाहीत. त्याला फक्त होडीची फळी दिसत होती.

दुपारी ओहोटी लागली. काळूरामाची होडी कंबरभर पाण्यात उभी होती. धर्मानं सायकल छपरीत ठेवली, तिच्यावर गोणपाट घातलं आणि पाण्यातून चालत जाऊन होडीत चढला. एकदोघं हसले, पण मनापासून नाही. तो फळीवर बसला. होडी अजून नांगरावरच होती, तरी त्याचा चेहरा उतरला आणि कपाळावर घाम आला. त्यानं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला.

"नांगर घ्या," काळूराम म्हणाला.

तेवढ्यात बायका किनाऱ्यावर आल्या. अकराजणींनी अकरा टोपल्या वाळूत पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या.

"मामा," सत्यवतीनं हाक मारली. सासऱ्याला थेट हाक मारताना तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "उद्या मासली आनाल, ती इकनार कोन?"

"कोन म्हंजी? तू. तुमी समद्या."

"आमी न्हाय. ह्ये खाली उतरले तर इकू. चढ अन पुलन सायकलीनं जातो भार, आदल्या बाजारी न्हाय पन आज सगल्यांनी बगितलं. रोज चार टोपल्या सायकलीवर, पालीपालीनं. जिची पाली ती मोकली चालनार, अन बाजारात आमी समद्या बसनार. तुमचा पोर होडीवर ऱ्हायला, तर तुमची मासली तुमी इका."

मास्तर पुढं झाले. "पण करार असा होता, की—"

"मास्तर, तुमी बसा बाजारात," भागुबाई म्हणाली. "औटकीत भाव सांगा."

काळूराम तांडेलानं दर्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत तो वादळाला भ्यायला नव्हता, चाच्यांच्या गोष्टींना भ्यायला नव्हता. त्यानं अकरा पालथ्या टोपल्यांकडं पाहिलं. मग अलिबागच्या बाजारात, टोपलीमागं मांडी घालून, छत्रीवाल्याशी भाव करताना त्यानं स्वतःला पाहिलं असावं, कारण त्याच्या हातातली दोरी सुटली.

"उतर," तो म्हणाला.

धर्माला ऐकू गेलं नाही, किंवा खरं वाटलं नाही.

"उतर म्हनलं ना!"

धर्मानं पाण्यात उडी टाकली. पाय तळाला लागले. तो कंबरभर पाण्यातून किनाऱ्याकडं निघाला आणि चारपाच पावलांवर थांबला, कारण त्याला रडू फुटलं. तीस वर्षांचा माणूस गावादेखत हुंदके देऊन रडला. होडीवरचे शिडाकडं बघू लागले. मास्तरांनी घड्याळ काढून विनाकारण वेळ पाहिली.

सत्यवती काठावर आली. तिचेही डोळे भरले होते, पण अकराजणींच्या कामाचं ठरायचं अजून बाकी होतं.

"रडताय काय तिथं उभं ऱ्हाऊन?" ती म्हणाली. "चार टोपल्या बांधायच्या हायत उद्या. घरात दोरी न्हाय."